मोबाईलवर स्वतःची ओएस: वायफायसाठी व्हेंडर कर्नल की मेनलाइन?

फोनवर स्वतःची ओएस बूट झाली, टच चालतोय, आता वायफाय हवंय. इथून दोन वाटा फुटतात. पहिली म्हणजे फोनसोबत अँड्रॉइडसाठी आलेला व्हेंडर कर्नल (म्हणजे उत्पादकाने दिलेला, हार्डवेअर चालवणारा ओएसचा गाभा) तसाच ठेवून हॅलियम आणि लिबहायब्रिस या अँड्रॉइडचे ड्रायव्हर लिनक्सला वापरू देणाऱ्या जोड-थरांच्या आधारे वर आपली सिस्टिम बसवणं. उबंटू टच ही फोनसाठीची लिनक्स ओएस बहुतेक फोनवर अशीच पोचली. दुसरी म्हणजे मेनलाइन, म्हणजे लिनक्सचा मूळ अधिकृत कर्नल, ज्यासाठी पोस्टमार्केटओएस या फोनसाठीच्या लिनक्स प्रकल्पाची धडपड चालू असते. माझं मत आधीच सांगतो: फोनचं मॉडेल बाजूला ठेवा, आत वायफायची चिप कोणती आहे ते पाहून ठरवा.

व्हेंडर कर्नलमध्ये ड्रायव्हर (चिपशी बोलणारा कर्नलचा भाग) आणि फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्रॅम) एकमेकांसाठीच बनलेले असतात, त्यामुळे वायफाय लवकर लागतं. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. अँड्रॉइडमध्ये चिप जागी करायचं काम त्याच्या स्वतःच्या सेवा करतात. त्या आपल्याकडे नसल्या की डब्ल्यूलॅन० हा वायफायचा नेटवर्क इंटरफेस उगवतच नाही आणि लॉगमध्ये धड एररही दिसत नाही. बऱ्याच जुन्या क्वालकॉम फोनवर डेव्ह फोल्डरमधल्या 'डब्ल्यूसीएनएसएस डब्ल्यूलॅन' नोडमध्ये (ड्रायव्हरला आज्ञा देण्याच्या खास फाइलमध्ये) १ लिहावा लागतो, मीडियाटेकवर 'डब्ल्यूएमटी वायफाय'मध्ये. बूटच्या वेळी एवढं करणारी छोटी सर्व्हिस लिहिली की पुष्कळदा काम भागतं. किंमत नंतर मोजावी लागते: कर्नल ३.१८ किंवा ४.४ सारख्या जुन्या आवृत्तीवर अडकतो, सुरक्षेचे पॅच येणं थांबतं, आणि डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत जुन्या ड्रायव्हरमध्ये नसेल तर ते मागाहून आणणं फार जड जातं.

मेनलाइनवर उलटं आहे. सुरुवातीला घाम निघतो, पण एकदा चाललं की पुढच्या कर्नलसोबत चालत राहण्याची शक्यता चांगली असते. ब्रॉडकॉमच्या चिपचं उदाहरण घ्या. बीआरसीएमएफमॅक हा त्यांचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे, पण त्याला फर्मवेअरसोबत त्या बोर्डाच्या रेडिओ सेटिंगची एनव्हीरॅम ही टेक्स्ट फाइलही लागते आणि अनेक चिपना रेग्युलेटरी माहितीची (कोणत्या देशात कोणते चॅनेल चालतात याची) सीएलएम ब्लॉब ही फाइलही. दुसऱ्या बोर्डाची एनव्हीरॅम फाइल टाकली तर इंटरफेस दिसेल, पण रेंज रडवेल.

लॉगमध्ये फर्मवेअर लोड होताना 'एरर -२' आला तर अर्थ एवढाच की फाइल सापडली नाही. फाइल जागेवर असूनही तोच एरर आला, तर ड्रायव्हर कर्नलमध्ये बिल्ट-इन आहे का बघा. तसा असेल तर रूट फाइलसिस्टिम माउंट होण्याआधीच तो फाइल मागतो. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बांधा, नाहीतर फर्मवेअर इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत येणाऱ्या छोट्या फाइलसिस्टिममध्ये, घाला. आणि चिप एसडीआयओवर (एसडी कार्डसारख्या जोडणीवर) असताना कार्ड, म्हणजे ती चिपच, सापडल्याची ओळच लॉगमध्ये नसेल, तर फर्मवेअरच्या मागे लागूच नका. डिव्हाइस ट्रीमधला (कर्नलला हार्डवेअरची मांडणी सांगणाऱ्या फाइलमधला) पॉवर सिक्वेन्स, रीसेटचा जीपीआयओ पिन आणि ३२.७६८ किलोहर्ट्झचं क्लॉक तपासा.

क्वालकॉमवर मेनलाइनची वाट आणखी लांब आहे. स्नॅपड्रॅगन ८४५ मधली वायफायची बाजू मोडेमच्या फर्मवेअरशी बांधलेली आहे. त्यासाठी आरएमटीएफएस आणि टीक्यूएफटीपीसर्व्ह या मोडेमला फाइल पुरवणाऱ्या सेवा चालू लागतात. मोडेम उठला नाही तर वायफायही नाही. शिवाय बहुतेक फोनवर हे फर्मवेअर उत्पादकाच्या सहीचंच लागतं, म्हणून ते त्याच फोनच्या पार्टिशनमधून काढून घ्यावं लागतं.

वरच्या थरात निवड सोपी आहे. व्हेंडर कर्नल असेल तर नेटवर्कला जोडून देणारा प्रोग्रॅम म्हणून डब्ल्यूपीए सप्लिकंट. तो ड्रायव्हरशी बोलायच्या जुन्या वेक्स्ट इंटरफेसवरही चालतो. त्याला पर्याय असलेला आयडब्ल्यूडी आटोपशीर आहे, पण क्रिप्टोसाठी कर्नलमधलीच सोय वापरतो आणि व्हेंडर कर्नलच्या कॉन्फिगमध्ये ते पर्याय बहुधा बंद असतात. मेनलाइनवर मी आयडब्ल्यूडीच घेईन. तिथे रेग्युलेटरी डेटाबेसची फाइल मात्र विसरू नका. ती नसली की चॅनेल १२-१३ आणि ५ गिगाहर्ट्झवरचा हॉटस्पॉट यांवर मर्यादा येतात.

तेव्हा हातातला फोन महिनाभरात वापरात आणायचा असेल आणि चिपसाठी मेनलाइन ड्रायव्हर नसेल, तर व्हेंडर कर्नल घ्या, पण तो जुना होत जाणार हे धरूनच. ड्रायव्हर असेल तर मेनलाइनसाठी जास्तीचे दिवस खर्च करा. आणि बोर्डच तुम्ही डिझाइन करत असाल, तर ड्रायव्हर मेनलाइनमध्ये आणि फर्मवेअर लिनक्स-फर्मवेअर या सार्वजनिक संग्रहात आहे असंच मॉड्यूल निवडा. पाइनफोन या लिनक्स फोनमधल्या रिअलटेक ८७२३सीएस या वायफाय चिपचा ड्रायव्हर कित्येक वर्षं मेनलाइनच्या बाहेर राहिला आणि प्रत्येक नव्या कर्नलला तो वेगळा सांभाळावा लागला.