ऊसबिलाची प्रोसिजर: मायएसक्यूएलमध्ये की पोस्टग्रेसमध्ये?

कर्नाटकातल्या चिकोडी, अथणी, निपाणी पट्ट्यात ऊसबिलाचं सॉफ्टवेअर करायचं म्हणजे काट्याच्या पावत्या गोळा करायच्या आणि त्यांतून तोडणी-वाहतूक व सोसायटीच्या कर्जाची वसुली वजा करायची. ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. तेव्हा हा हिशेब करणारी प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला प्रोग्रॅम) लिहिताना मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन डेटाबेसांपैकी आपली चूक जो लगेच दाखवतो, तोच घ्यावा.

मायएसक्यूएलमध्ये फॉर लूप (यादीतल्या प्रत्येक ओळीसाठी तेच काम पुन्हा करणारी रचना) नाही. कर्सर (ओळी क्रमाने वाचायचं साधन) उघडून एकेक ओळ फेच करायची आणि यादी संपल्याचं कळावं म्हणून ‘नॉट फाउंड’ हँडलर (ओळ न मिळाल्यास चालणारा कोड) लावायचा. घोषणांचा क्रमही ठरलेला: आधी व्हेरिएबल, मग कर्सर, शेवटी हँडलर. गोची पुढे आहे. लूपमध्ये ‘सिलेक्ट इंटू’ने (ओळीतली किंमत व्हेरिएबलमध्ये घेणाऱ्या आज्ञेने) कर्जबाकी आणली आणि 400 पैकी 37व्या सभासदाला कर्जच नसलं, तर तोच हँडलर चालतो आणि यादी संपल्याची खूण करतो. व्हेरिएबलमध्ये 36व्याची बाकी तशीच राहते आणि ती 37व्याच्या बिलातून कापली जाते. पुढच्या फेरीत लूप थांबतो. उरलेल्या 363 जणांची बिलं निघत नाहीत, एररही येत नाही. आतलं सिलेक्ट स्वतंत्र बिगिन-एंडमध्ये, स्वतःच्या हँडलरसह ठेवा. व्हेरिएबल दर फेरीला शून्य करा.

पोस्टग्रेसचा फॉर लूप यादी संपली की आपोआप थांबतो. ओळ न मिळाल्यास व्हेरिएबल नल (रिकामं) होतं. तिथे नलच्या जागी शून्य धरायला कोअलेस हवंच, नाहीतर सगळं बिलच नल. ओळ असायलाच हवी अशा ठिकाणी ‘स्ट्रिक्ट’ लिहा, लगेच एरर येईल.

व्हेरिएबलला कॉलमचंच नाव दिलंत तर मायएसक्यूएल मुकाट्याने व्हेरिएबल धरतो, त्याची तुलना त्याच्याशीच होऊन अट सगळ्या ओळींना लागू पडते आणि अपडेट सर्व सभासदांवर चालतो. पोस्टग्रेस ‘संदिग्ध’ म्हणून थांबतो. या एका कारणासाठीही आमचं मत पोस्टग्रेसला.

प्रोसिजरमध्ये कमिट (बदल कायम करणं) दोन्हीकडे चालतं, पोस्टग्रेसमध्ये 2018च्या आवृत्ती 11पासून. फंक्शनमध्ये कुठेच नाही. पण एका पंधरवड्याची बिलं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा गटात) ठेवावीत, अर्धवट कमिट निस्तरणं फार जड जातं.

खरं तर साध्या बिलाला लूप लागतच नाही. पावत्यांची आणि कर्जाची बेरीज सभासद क्रमांकावर आधी वेगवेगळी काढा, मग लेफ्ट जॉइन करा, म्हणजे कर्ज नसलेला सभासदही यादीत राहतो. थेट जोडलंत तर 5 पावत्या आणि 2 कर्जं मिळून 10 ओळी होतात नि वजन दुप्पट दिसतं. जोडणी नावावर मात्र कधीच नको: आपल्याकडे एकच सभासद एका यादीत मराठीत, दुसरीत कन्नडमध्ये लिहिलेला असतो.