पँगोचा फॉन्ट पार्सर: कशालाच ‘नाही’ न म्हणणारा

जीटीके या टूलकिटवर ॲप लिहिणाऱ्याची पँगोच्या (मजकूर मांडून दाखवणाऱ्या लायब्ररीच्या) फॉन्ट पार्सरशी, म्हणजे फॉन्टची ओळ वाचणाऱ्या कोडशी, कधी ना कधी गाठ पडतेच. जीनोम या लिनक्स डेस्कटॉपच्या सेटिंग्जमध्ये फॉन्ट ‘कॅन्टारेल ११’ अशा एका ओळीत साठवतात. तिची फोड करून फॅमिली (फॉन्टचं नाव), वजन (अक्षरांची जाडी), तिरकेपणा आणि आकार वेगळे काढायचं काम ‘फ्रॉम-स्ट्रिंग’ या फंक्शनचं, आणि ते सगळं पुन्हा एका ओळीत जोडायचं काम ‘टू-स्ट्रिंग’चं. ही जोडी नॉर्मलाइझ करायला, म्हणजे ओळ एका ठरावीक रूपात आणायला, झकास आहे. व्हॅलिडेशनसाठी, म्हणजे ओळ बरोबर आहे का ते तपासायला, मात्र तिच्यावर विसंबू नका.

आधी झकास काय ते. वापरणाऱ्याने ‘सॅन्स इटॅलिक बोल्ड १२’ लिहिलं तर परत येतं ‘सॅन्स बोल्ड इटॅलिक १२’. ‘डेमीबोल्ड’चं ‘सेमी-बोल्ड’ होतं, ‘रेग्युलर’ गळून पडतं, फालतू स्पेस जातात. ओळ आत घातली, बाहेर काढली, की कॉन्फिग फाइलमध्ये एकाच फॉन्टची चार रूपं उरत नाहीत. हे हाताने रेजेक्सने (मजकुरात नमुने शोधणाऱ्या सूत्रांनी) करणाऱ्यांचा कोड मी रिव्ह्यू केला आहे. पुन्हा करायची इच्छा नाही.

आता दुसरी बाजू. फ्रॉम-स्ट्रिंग एरर देतच नाही. ते ओळ शेवटाकडून वाचतं: आधी आकार, मग ‘बोल्ड’, ‘इटॅलिक’सारखे ओळखीचे शैलीशब्द, आणि उरेल ते सगळं फॅमिलीचं नाव. त्यामुळे ‘सॅन्स बोल्ड १२पीटी’ दिलं तर ‘१२पीटी’ हा त्याच्या लेखी आकार नाही (आकड्याला चिकटून फक्त ‘पीएक्स’, म्हणजे पिक्सेल, चालतं), शैलीही नाही. म्हणजे अख्खी ओळ फॅमिलीचं नाव ठरते आणि आकार शून्य. ‘सॅन्स १२ बोल्ड’चंही तेच: बोल्ड सापडतं, पण फॅमिली होते ‘सॅन्स १२’. पुढे फॉन्टकॉन्फिग (मशीनवरचे फॉन्ट शोधून देणारी लायब्ररी) त्या अजब नावाला जवळचा वाटेल तो फॉन्ट देऊन मोकळं होतं, त्यामुळे पडद्यावर काहीतरी दिसतंच आणि बग महिनोन्महिने लपून राहतो. रिकामी ओळ दिली तरी तक्रार नाही. उलट टू-स्ट्रिंग तुम्हाला ‘नॉर्मल’ असं उत्तर देतं!

सगळ्यात चिवट प्रकरण ‘एरियल ब्लॅक १२’चं. ‘ब्लॅक’ हा पँगोला वजनाचा शब्द, ९०० वजनाचा, म्हणून फॅमिली नुसती ‘एरियल’ उरते. उपाय म्हणजे नावानंतर स्वल्पविराम: ‘एरियल ब्लॅक, १२’. टू-स्ट्रिंग हा स्वल्पविराम गरज असेल तिथे स्वतःहून घालतं, हे मला फार आवडतं. पण तुम्ही नाव आणि आकार स्ट्रिंग जोडून स्वतः ओळ बनवत असाल तर तो तुम्हीच घालायचा. खरं तर जोडूच नका. रिकामं डिस्क्रिप्शन (फॉन्टचं वर्णन ठेवणारं पँगोचं ऑब्जेक्ट) घ्या, फॅमिली आणि आकार सेट करा, मग टू-स्ट्रिंग मागा.

तुलनाच करायची तर क्यूटी या दुसऱ्या टूलकिटचं फ्रॉम-स्ट्रिंग निदान खरं-खोटं परत देतं. ब्राउझरच्या कॅनव्हासमध्ये फॉन्टची चुकीची ओळ दिली तर ती दुर्लक्षिली जाते आणि आधीचा फॉन्ट राहतो; तिथेही एरर नाही, पण परत वाचून पाहिलं की कळतं. पँगोत तीही सोय नाही, कारण फॅमिली म्हणून त्याला काहीही चालतं.

म्हणून पार्स झाल्यावर मी सेट-फील्ड्सचा मास्क, म्हणजे कोणकोणत्या गोष्टी ओळीत सापडल्या त्याची नोंद, तपासतो. फॅमिली आणि आकार दोन्ही हवेत, आकार शून्याहून मोठा हवा, तो पॉइंटमध्ये आहे की पिक्सेलमध्ये तेही बघायचं. आकार १०२४ पटीत येतो, हे विसरलात तर १२ पॉइंटच्या जागी १२२८८ दिसून दचकाल. शेवटी फॅमिलीचं नाव फॉन्ट मॅपच्या, म्हणजे मशीनवर उपलब्ध फॉन्टच्या, यादीत शोधायचं, लहान-मोठी अक्षरं न बघता. ते सापडलं नाही तर ओळ फेकून द्यायची नाही, नुसता इशारा द्यायचा: फाइल दुसऱ्या मशीनवरून आलेली असू शकते, आणि ‘सॅन्स’, ‘मोनोस्पेस’सारखी टोपणनावं प्रत्येक यादीत असतीलच असं नाही.

टू-स्ट्रिंगला पाचपैकी साडेचार, फ्रॉम-स्ट्रिंगला अडीच. एरर सांगणारं एखादं जोडफंक्शन पँगोवाल्यांनी दिलं तर चार देईन.