कनेक्टिंग रॉडचे बोल्ट: जुनेच लावायचे की नवा सेट घ्यायचा?

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, त्यामुळे इंजिनं खोलायचे दिवस हेच. पिस्टनला क्रँकशी (इंजिनाच्या फिरत्या शाफ्टशी) जोडणारा तो कनेक्टिंग रॉड, त्याच्या क्रँककडच्या टोकाचं बेअरिंग नवं टाकायचं यावर मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत कुणाचं दुमत नसतं. वाद होतो तो त्या टोकाची कॅप आवळणाऱ्या बोल्टवरून.

जुने बोल्ट लावणारे मिस्त्री चुकतात असं मी म्हणणार नाही. इंजिनाच्या पुस्तकात बोल्टच्या लांबीची मर्यादा दिली असेल, व्हर्नियर (बारीक मापाची मोजपट्टी) लावून प्रत्येक बोल्ट त्यात बसत असेल, आटे साफ असतील आणि बोल्टचा दांडा कुठे बारीक झालेला नसेल, तर ते चालतात. जाड दांड्याचे बोल्ट असलेल्या जुन्या इंजिनांत वर्षानुवर्षं तेच बोल्ट चाललेले मी पाहिलेत. मात्र जिथे टॉर्क (आवळायचा ठरलेला जोर) देऊन वर ठरावीक अंश फिरवायला सांगितलेलं असतं, तिथे बोल्ट मुद्दाम ताणला जातो. असे बोल्ट बहुतेक एकदाच वापरायचे असतात.

माझा निर्णय झाला तो आवळताना. टॉर्क पाना लावला, कॅप बसली, आणि शेवटच्या टप्प्यात एका बोल्टवर पाना फिरत राहिला पण काटा चढेना. लांबीत बसलेला, दिसायला बाकीच्यांसारखाच बोल्ट, पण आतून ताण सोडत होता. तो एकटा बदलायचा म्हटलं तर दुकानदार म्हणाला, सेटच येतो. घाटात दरड, पार्सल अडकलेलं आणि इकडे इंजिनाचा संप, म्हणजे खालची तेलाची टाकी, उघडा. जुलैच्या खाऱ्या दमट हवेत चकचकीत क्रँकपिनवर (क्रँकचा बेअरिंग बसतं तो भाग) तांबूस झाक यायला वेळ लागत नाही. रोज तेल लावा, प्लास्टिक गुंडाळा, पुन्हा सोडून बघा. हा वैताग सेटच्या किमतीपेक्षा महाग पडतो असं मला वाटतं.

आणखी एक. बेअरिंग गेलं तर बहुतेक वेळा आधी कळतं: तेलाचा दाब उतरतो, आवाज येतो, हळूहळू बंदर गाठता येतं. बोल्ट तुटताना सहसा काहीच सांगत नाही. रॉड ब्लॉक फोडूनच बाहेर येतो.

नव्या सेटचीही कटकट आहे. बोल्ट रॉडमध्ये दाबून बसवायचे असतील तर कॅप किंचित सरकू शकते, म्हणून लेथवाल्याकडून बिग एंडची (रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) गोलाई तपासून घ्यावी लागते. तो खर्च आणि दिवस धरूनच चाला. रॉड आणि कॅपवर नंबर मारलेले असावेत, अदलाबदल नको.

बेअरिंग स्टँडर्ड की पाव मिलिमीटर अंडरसाइज (घासून बारीक केलेल्या क्रँकसाठीचं), हे क्रँक मोजल्यावरच ठरवा. जुन्या बेअरिंगचा करडा थर जाऊन एकाच कडेला तांबं दिसत असेल, तर रॉड वाकलाय का ते आधी बघा. तिथे नवे बोल्ट काही करणार नाहीत.

पुस्तकात परवानगी असेल आणि हात अगदीच आखडता असेल, तर मोजून जुने लावा. माझ्या इंजिनात मात्र बेअरिंगबरोबर नवा सेटच जातो. ऑर्डर मे महिन्यातच द्या, इंजिन नंबर सांगून, आणि नवे बोल्ट आले की जुने त्याच दिवशी भंगारात टाका. एका ट्रेमध्ये मिसळले तर कुठला कोणता ते ओळखत बसावं लागतं.