गो भाषेचा ‘ग्रीन टी’ गार्बेज कलेक्टर: वापरून पाहिल्यानंतर

गो या प्रोग्रामिंग भाषेच्या गार्बेज कलेक्टरने, म्हणजे नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणाऱ्या यंत्रणेने, आजवर एकच गोष्ट जिवापाड सांभाळली, ती म्हणजे या कामासाठी प्रोग्राम थांबण्याचा वेळ कमी ठेवणे. 2015 च्या 1.5 आवृत्तीत हा थांबा 10 मिलिसेकंदांच्या आत आला आणि 2017 च्या 1.8 पासून तो बहुतेकदा 100 मायक्रोसेकंदांहूनही कमी राहू लागला. त्याची किंमत मात्र प्रोसेसर आणि मेमरी यांच्या खात्यातून वळती होत राहिली. ही जुनी उधारी 1.25 मध्ये प्रयोग म्हणून आलेला आणि 1.26 पासून आपोआप लागू झालेला ‘ग्रीन टी’ कलेक्टर काही अंशी फेडतो.

जुना कलेक्टर एकेक पॉइंटर (ऑब्जेक्टचा, म्हणजे मेमरीतील डेटाच्या तुकड्याचा पत्ता) धरून हीपभर, म्हणजे असे ऑब्जेक्ट जिथे राहतात त्या मेमरीभर उड्या मारत असे, आणि हवा तो डेटा कॅश या प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत नसला की प्रोसेसर नुसता ताटकळे. ग्रीन टी सुट्या ऑब्जेक्टऐवजी मेमरीचे 8 किलोबाइटांचे पान रांगेत लावतो. पाळी येईपर्यंत त्या पानातील आणखी काही ऑब्जेक्टांवर ‘वापरात आहे’ अशी खूण झालेली असते आणि मग ती सारी एकाच फेरीत तपासली जातात. कलेक्टरवर मोठा भार टाकणाऱ्या प्रोग्रामांत त्याचा खर्च 10 ते 40 टक्क्यांनी घटेल, असा गोच्या चमूचा अंदाज आहे (संपूर्ण प्रोग्राम तितका वेगवान होईल, असा त्याचा अर्थ नव्हे). लहान ऑब्जेक्टांची दाटी असलेल्या माझ्या लॉग वाचणाऱ्या सेवेत हा फरक प्रोफाइलमध्ये (वेळ कुठे खर्च होतो ते दाखवणाऱ्या नोंदीत) स्पष्ट दिसला; मेमरीभर विखुरलेल्या एका ट्रीवर (फांद्यांसारख्या जोडलेल्या डेटावर) मात्र जवळपास काहीच हाती लागले नाही.

मेमरीबाबतची माझी तक्रार कायम आहे. जिवंत डेटाच्या किती टक्के वाढ झाल्यावर कलेक्टर चालावा हे ठरवणाऱ्या ‘गोजीसी’ (GOGC) या सेटिंगचे मूल्य मुळात 100 असते, म्हणजे जिवंत डेटा 300 मेगाबाइट असेल तर हीप साधारण 600 पर्यंत फुगू दिली जाते. 512 मेगाबाइटांची मर्यादा असलेल्या कंटेनरमध्ये (सेवा चालवण्याच्या बंदिस्त चौकटीत) माझी सेवा याच हिशेबाने मध्यरात्री मारली गेली होती. 1.19 मध्ये आलेली ‘गोमेमलिमिट’ (GOMEMLIMIT) ही मेमरीची मर्यादा 450 मेगाबाइटांवर ठेवल्यापासून तसे घडलेले नाही. पण ती जिवंत डेटाला अगदी खेटून ठेवली, तर कलेक्टर उसंत न घेता धावत सुटतो.

ऑब्जेक्ट जागचे न हलवणे आणि वयानुसार त्यांच्या पिढ्या न पाडणे, हे दोन्ही निर्णय ग्रीन टीनेही बदललेले नाहीत. गोमध्ये अल्पायुषी ऑब्जेक्ट बरेचदा स्टॅकवरच (फंक्शन संपताच आपोआप मोकळ्या होणाऱ्या मेमरीत) निकालात निघत असल्याने मला ते पटतात. कोडची एकही ओळ न बदलता हा लाभ मिळतो, म्हणून 1.26 वर जावे, असे मी निःसंकोच सांगेन. माझ्या सेवेत सर्वांत मोठी बचत मात्र लूपच्या दर फेरीला नव्याने मागितला जाणारा बफर (डेटा तात्पुरता ठेवण्याची जागा) लूपबाहेर काढल्याने झाली.