टेक्ससच्या काउंटी आणि हिस्पॅनिक लोकसंख्या: भिंतीवर लावायचा नकाशा, घ्यावा का?

लेक सातवीत आहे, आणि इथे टेक्ससमध्ये सातवीला टेक्ससचाच इतिहास असतो, तर तिच्या प्रोजेक्टसाठी म्हणून हा नकाशा ऑनलाइन मागवला. चार फूट बाय तीन फूट, लॅमिनेटेड, ३४ डॉलर. राज्यातल्या २५४ च्या २५४ काउंटी, म्हणजे आपल्याकडचे जिल्हे, आहेत, २०२० च्या जनगणनेनुसार कुठल्या काउंटीत हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश भाषक मुळाचे, लोक किती टक्के ते रंगाने दाखवलंय आणि सोबत आकड्यांची छोटी पुस्तिका येते. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, कारण मला जे म्हणायचंय ते अशा बहुतेक नकाशांना लागू पडतं.

कागद चांगला जाड आहे, अक्षरं लांबून वाचता येतात. एका कोपऱ्यात लॅमिनेशन सुटलेलं आलं, पण टेप लावून भागलं, त्यासाठी परत पाठवायची गरज वाटली नाही.

भिंतीवर लावला की नजर आधी खाली, मेक्सिकोच्या सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीकडेच जाते. स्टार, वेब, मॅव्हरिक, झपाटा, हिडॅल्गो या काउंटींमध्ये हिस्पॅनिक ९० टक्क्यांच्या वर आहेत, कॅमरन ९० च्या आसपास, त्यामुळे नदीकाठाने गडद पट्टाच दिसतो. तिथून वर आणि पूर्वेला लुइझियानाच्या बाजूला जाल तसा रंग उतरत जातो, हार्डिन काउंटीसारख्या ठिकाणी तर १० टक्केसुद्धा नाहीत. हे एका नजरेत कळतं आणि त्यासाठी मी नकाशाला पूर्ण मार्क देईन.

आमच्या शेजारच्या आजी मूळच्या रिओ ग्रांदे सिटीच्या, म्हणजे स्टार काउंटीच्या. नकाशा बघायला मुद्दाम आल्या, चष्मा लावला आणि आपल्या काउंटीवर बोट ठेवून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. मग लेकीला म्हणाल्या, आम्ही सीमा ओलांडून आलो नाही ग, सीमाच आम्हाला ओलांडून गेली. तिकडे हे वाक्य बरेच जण म्हणतात आणि ते खरंही आहे, कारण नदीकाठचं लारेडो गाव १७५५ चं, सॅन अँटोनिओ १७१८ चं, आणि रिओ ग्रांदे ही सीमा म्हणून पक्की झाली ती अमेरिका आणि मेक्सिकोमधल्या १८४८ च्या ग्वादालुपे हिडॅल्गो तहात. म्हणजे त्या गडद पट्ट्यातली कितीतरी घरं सीमेच्या आधीपासूनची आहेत. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही. नुसता रंग बघून पोराला वाटणार की हे सगळे काल-परवा आलेले लोक, आणि याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसरी गंमत वर पॅनहँडलमध्ये, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाला आहे. सीमेपासून इतक्या लांब, ओक्लाहोमाच्या जवळ, मध्येच गडद चौकोन दिसतात. डेफ स्मिथ काउंटी घ्या, तिथलं मुख्य गाव हर्फर्ड, स्वतःला बीफची जागतिक राजधानी म्हणवतं. तिथे दोन तृतीयांशाहून जास्त लोक हिस्पॅनिक आहेत, कारण आधी शेतातल्या कामाला मजूर आले, पुढे मोठमोठे फीडलॉट, म्हणजे गुरं खाऊ घालून पोसायची आवारं, आणि मांस कारखाने आले, कामाला आलेली माणसं तिथेच राहिली, पोरंबाळं तिथेच शाळेत गेली. लेकीने स्वतःहून विचारलं की हा चौकोन इथे कसा काय, आणि नकाशाने असा प्रश्न डोक्यात आणला म्हणजे पैसे वसूल.

आता तक्रारी. पहिली म्हणजे रंगांचे गट. ५० टक्क्यांच्या वर सगळं एकाच रंगात टाकलंय, त्यामुळे ५९ टक्केवाली बेअर काउंटी, म्हणजे सॅन अँटोनिओ, आणि ९५ च्याही पुढे असलेली स्टार काउंटी अगदी एकसारख्या दिसतात. अजून दोन रंग वाढवले असते तर काय बिघडलं असतं?

दुसरी तक्रार मोठी आहे आणि तिच्यासाठीच हा रिव्ह्यू लिहायला बसले. नकाशा फक्त टक्के दाखवतो, माणसं दाखवत नाही. हॅरिस काउंटी, म्हणजे ह्यूस्टन, ४३ टक्के, म्हणून मधल्या फिक्या रंगात. पण तिथे हिस्पॅनिक माणसं आहेत २० लाखांच्या वर! नदीकाठच्या त्या सहा काउंटींची सगळी मिळून लोकसंख्याच, हिस्पॅनिक असो नसो, जेमतेम १७ लाख. म्हणजे राज्यात हिस्पॅनिक माणसं सगळ्यात जास्त जिथे राहतात ती जागा नकाशात नजरेत भरतच नाही.

मग आम्ही घरी एक केलं. लाल गोल स्टिकर आणले आणि ५० हजार हिस्पॅनिक माणसांमागे एक असं ठरवून लेक पुस्तिकेतून हिशोब करत चिकटवत गेली. स्टारला एक. हिडॅल्गोला १६. बेअरला २४, डॅलसला २१. हॅरिसला ४१ आले, ते काउंटीत मावेनात, एकावर एक लावले तरी शेजारच्या काउंटींवर सांडले, काही आमच्या फोर्ट बेंडवर आले. लेक म्हणाली, आई, हा तर वेगळाच नकाशा झाला. खरंच झाला, दोन तासांत नकाशाचं वजन नदीवरून उचलून शहरांवर आलं.

टक्क्यांचा घोळ उलट्या बाजूनेही होतो. लव्हिंग काउंटीत २०२० ला मोजलेली माणसं फक्त ६४. तिथे एक चौकोनी हिस्पॅनिक कुटुंब राहायला आलं की टक्केवारी पाचेकने हलणार, आणि तरी नकाशात तिचा चौकोन चांगला ठळक दिसतो.

पुस्तिकेतल्या रकान्यांची बेरीज १०० च्या पुढे जाते, लेकीला वाटलं छपाईची चूक. चूक नाहीये, जनगणनेत हिस्पॅनिक हा वंश धरलेला नाही, त्याचा प्रश्न वेगळा असतो, म्हणून माणूस हिस्पॅनिकही असू शकतो आणि गोरा किंवा काळाही. १९८० पासून हा प्रश्न सगळ्यांच्याच फॉर्मवर आहे, आणि दोन्ही मिळून पुढे एकच प्रश्न करायचं २०२४ मध्ये ठरलं. एवढं तळटिपेत लिहायला काय हरकत होती?

आणि हे आकडेसुद्धा कमीच आहेत हे कुठेतरी सांगायला हवं होतं. जनगणनावाल्यांनी स्वतःच २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२० ला देशभरात हिस्पॅनिक लोक जवळपास ५ टक्के कमी मोजले गेले. सीमेलगत कोलोनिया म्हणून वस्त्या आहेत, कुठे रस्ता नीट नाही, कुठे टपाल घरापर्यंत जात नाही, एका घरात दोन-तीन कुटुंबं, तिथली मोजणी किती अवघड असेल विचार करा. मोजणीवरून मतदारसंघ ठरतात, सरकारी पैसा वाटला जातो, म्हणून मला हे राहून गेलेलं जास्त टोचतं.

मोठ्या मुलांसाठी, शिक्षकांसाठी घ्या, पाचपैकी साडेतीन स्टार देते. स्टिकरची दोन पाकिटं सोबतच मागवा, एक पुरत नाही. लहान मुलांना नुसता लावून देऊ नका, बाजूला बसा. आजींनी स्टार काउंटीवरचा तो एकुलता एक स्टिकर स्वतःच्या हाताने परत नीट दाबून बसवला, तो आम्ही काढणार नाही.