कार्डवाला ससा की वहीवाला?

माझ्या भाचीला बडोद्यात मांजलपूरच्या घराच्या मागच्या पडवीत ससे पाळायचेत. एक नर, दोन माद्या, पुढे पिल्लं विकायची. पिंजरे आले, रजको (लसूणघास) आणून देणारा ठरला, आणि मग दोन ठिकाणांहून दोन भाव आले. एकाकडे न्यूझीलंड व्हाइट जातीचे ससे, प्रत्येक सशासोबत लॅमिनेट केलेलं तीन पिढ्यांच्या वंशावळीचं कार्ड. दुसऱ्याकडे दिसायला तसेच ससे, पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. कार्ड नाही, पण माणूस चार वर्षं जोड्यांची आणि वेतांची वही लिहितोय. कार्डवाल्याचा भाव वहीवाल्याच्या तिप्पट. "मामा, कागदाचे एवढे पैसे द्यायचे?"

दांडिया बाजारातल्या गच्चीवर मी बारा वर्षं ससे पाळतोय. हा प्रश्न मला दर दिवाळीनंतर कुणीतरी विचारतंच, म्हणून या वेळी सगळं एकदा लिहूनच काढतो.

आधी कार्डावर असतं काय ते बघा. आई-बाप २, आजे-आज्या ४, पणजे-पणज्या ८, अशी १४ नावं. प्रत्येकापुढे कानातला नंबर, रंग, वजन आणि प्रदर्शनात काही जिंकलं असेल तर ते. आपल्याकडे फिरणारी कार्डं बहुतेक अमेरिकन नमुन्याची. तिथे १९१० पासून अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशन आहे. पण तिथेही हे कार्ड संस्था लिहीत नाही, पाळणारा स्वतः लिहितो. संस्था करते ती नोंदणी, आणि ती वेगळी. त्यासाठी ससा किमान सहा महिन्यांचा लागतो, तीन पिढ्यांची वंशावळ लागते, आणि संस्थेचा परवाना असलेला रजिस्ट्रार ससा हातात घेऊन तपासतो. मग उजव्या कानात नोंदणीचा नंबर गोंदतात. डावा कान पाळणाऱ्याच्या नंबरासाठी. आणखी एक, तिथल्या प्रदर्शनात ससा उतरवायला कार्ड लागतच नाही. परीक्षक टेबलावरचा ससा बघतो, त्याचा आजा नाही.

म्हणून कुणी "आमचं सगळं रजिस्टर्ड आहे" म्हणाला, की काय रजिस्टर्ड ते विचारा. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे करावी लागते. ती दुकानाची नोंदणी झाली. पिंजऱ्यातल्या सशाच्या आई-बापांशी तिचा काडीचा संबंध नाही.

तर आम्ही दोघांकडेही गेलो. कार्डवाल्याकडे ससे खरोखर देखणे. रुंद पुठ्ठे, दाट केस, पायांचे तळवे साबूत. मी नराचा कान दोन बोटांत धरला आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावला. पांढऱ्या सशाचा कान असा उजेडात धरला की आतून गुलाबी दिसतो, मधली शीर झाडाच्या फांदीसारखी उठून येते, आणि गोंदलेला नंबर असेल तर तिच्या बाजूला स्पष्ट वाचता येतो. शीर दिसली, नंबर नाही. दुसरा कान, तोही कोरा. कार्डावर मात्र नंबर छापलेला. "गोंदायचं राहिलंय," तो म्हणाला. राहिलं असेल. पण मग हे कार्ड याच सशाचं की शेजारच्या पिंजऱ्यातल्याचं, हे त्यालाही कसं कळणार? चार पांढरे ससे एकत्र सोडले तर मला माझे ओळखता येत नाहीत.

वहीवाल्याची वही म्हणजे दोनशे पानी, तेलाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेले. मधलंच एक पान उघडलं: मादी ७, नर ३, एकतिसाव्या दिवशी व्याली, पिल्लं ९, मेली २, एकाचे दात वाकडे. खाली लाल पेनाने: "नर ३ बंद."

भाचीला म्हटलं, तुझे पैसे या ओळीला दे.

कारण सशाचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. वरचे-खालचे नीट जुळले तर आपोआप झिजतात, नाही जुळले तर शिंगांसारखे वळतात आणि सशाला घासच घेता येत नाही. हे दुखण्यानेही होतं, जाळी ओढून ओढूनही होतं, आणि रक्तातूनही येतं. एकटा ससा बघून कारण कळत नाही. त्याच जोडीच्या दोन-तीन वेतांत परत परत दिसलं तर कळतं. हे लॅमिनेट केलेल्या कार्डावर कुणी लिहीत नाही. तिथे बक्षिसं लिहितात, मेलेली पिल्लं नाही.

आता कार्डाच्या बाजूने. काही गोष्टी ससा समोर असूनही दिसत नाहीत, त्या तिथेच सापडतात. पहिली म्हणजे पूर्ण वाढ झाल्यावरचं वजन. मी सुरुवातीला एका दुकानातून "ड्वार्फ" म्हणून दीड महिन्याचं पिल्लू आणलं होतं. मुठीत मावायचं. पुढे ते तीन किलोंचं झालं आणि दुकानदार म्हणाला, तुम्ही फार खायला घालता. खऱ्या नेदरलँड ड्वार्फचं वजन सव्वा किलोच्या आत राहतं. दीड महिन्याच्या पिल्लात हा फरक नवख्याला ओळखू येत नाही, आई-बापांच्या वजनात येतो. शिवाय ड्वार्फमध्ये बुटकेपणाचा जीन एकाच बाजूने आला तर ससा छोटा आणि धडधाकट, दोन्ही बाजूंनी आला तर पिल्लू जन्मतःच चिमुरडं, डोकं मोठं, मागचा भाग आवळलेला, आणि काही दिवसांतच जातं. दोन खरे ड्वार्फ एकत्र केले की सरासरी चारातलं एक पिल्लू असं निघतं. हे आधी माहीत नसेल तर माणूस खोकं, चारा, स्वतःचा हात, सगळ्याला दोष देत बसतो.

दुसरी गोष्ट रंग. लाल डोळ्यांचा पांढरा ससा म्हणजे पांढरी चादर. खाली काळा आहे की चॉकलेटी, काही दिसत नाही. पांढऱ्याशी पांढरा लावला तर पांढरीच पिल्लं, मग कार्डातला रंगाचा रकाना वाचला काय नि न वाचला काय. भाचीचे सगळे पांढरेच, म्हणून तिच्यासाठी त्या रकान्याची किंमत शून्य. रंगीत जोडीदार आणायचा असेल तर मात्र तोच रकाना सगळ्यात महाग. रेक्स जातीचं याच्या उलट. मखमली केस हाताला कळतात, आणि रेक्सशी रेक्स लावला तर पिल्लं रेक्सच. ते सिद्ध करायला कागद कशाला?

तिसरी, नातं. बाजारातून जोडी आणली तर पुष्कळदा ती एकाच वेतातली सख्खी भावंडं निघतात. त्यांच्या पिल्लांत एकाच पूर्वजाचा जीन दोन्ही बाजूंनी येण्याची शक्यता २५ टक्के, सावत्र भावंडांच्या पिल्लांत साडेबारा. जाणकार मुद्दाम बाप-लेक लावतात, पण ते वही बघून आणि वाईट पिल्लं बाजूला काढून. नवशिक्याने नकळत लावलं की फक्त वाईट तेवढं वर येतं.

वंशावळीचं मोल बडोदेकराला सांगायला नको. १८७५ साली कवळाण्याचा गोपाळराव, म्हणजे पुढचे सयाजीराव महाराज, गादीवर आला तो गायकवाडांच्या कुळातला म्हणूनच. पण आल्यावर त्याला शिकवायला मास्तर ठेवले होते. सशाच्या बाबतीत ते मास्तर म्हणजे आपला मे महिना. पारा तिशी ओलांडली की सशाला त्रास सुरू होतो, इथे तर तो बेचाळिशी गाठतो. नर तात्पुरता निकामी होतो, पुढचे कित्येक आठवडे मादी गाभण राहत नाही. पणजा थंड मुलखातला विजेता होता याचा त्या दुपारी काय उपयोग? ज्या मादीने इथले दोन उन्हाळे ओल्या गोणपाटाआड काढलेत आणि पावसाळ्यात पुन्हा व्याली, ती मी कार्डाशिवाय घेईन.

विकताना? माझ्याकडे येणाऱ्या दहांतले नऊ जण फ्लॅटमध्ये मुलांसाठी ससा नेतात. विचारतात, "प्योर छे ने?" मी हो म्हणतो, आणि ते लगेच पुढच्या प्रश्नावर जातात: चावतो का, वास येतो का, नर की मादी. त्यांच्यासाठी कार्ड छापणं म्हणजे पाकिटावर रिबन बांधणं. नर-मादी बरोबर सांगितलं, वय खरं सांगितलं, कुठलं खाणं खातोय ते सांगितलं, तर तेच जास्त. दहावा गिऱ्हाईक स्वतः पाळणारा असतो. तो कान बघतो, आईचं वजन विचारतो, आणि त्याला चार ओळी लिहून दिल्या तर जास्त पैसे हसत देतो.

आणि कार्ड विकत घ्यायलाच हवं असं नाही, ते घरी तयार होतं. मादी सहा महिन्यांची झाली की लावायची, महिन्याभरात पिल्लं. तीन पिढ्यांना दोन वर्षं पुरतात. कुत्रे पाळणाऱ्याला विचारा त्याला किती लागतात.

भाचीने दोन्ही माद्या वहीवाल्याकडून घेतल्या. नर मात्र त्याच्याकडून घेता येईना, कारण वही चाळताना माद्यांचा आणि त्याच्या नराचा आजा एकच निघाला. मग ती कार्डवाल्याकडे परत गेली आणि म्हणाली, कार्ड तुमच्याकडेच ठेवा, बिनकार्डाचा भाव सांगा. अर्धा तास चहा-पाणी, एकमेकांच्या गावच्या चौकश्या, शेवटी निम्म्यावर तुटलं. घरी आणल्यावर मी त्याचे दात दोनदा बघितले, वजन केलं, साडेचार किलो भरला. तिने सशाला टॉवेलात गुंडाळून धरला आणि गोंदायचा चिमटा मी दाबला. शाई अंगठ्याने चोळताना त्याने एकदाच पाय आपटला.

रात्री तिने नवी वही काढली. पहिली ओळ: नर १, पांढरा, ४.५ किलो. आई: माहीत नाही. बाप: माहीत नाही.