स्काय-वॉचर ईक्यू५ माउंट: शिकायला चांगला, फोटोसाठी तोकडा

दुर्बिणीच्या साध्या अल्ट-अझिमथ (वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळणाऱ्या) स्टँडची सवय असलेला माणूस ईक्यू म्हणजे इक्वेटोरियल माउंटवर आधी वैतागतो. नळी सरळ वर जात नाही, सरळ बाजूलाही जात नाही. कशीही ढकला, ती तिरकीच वळते. हा दोष नव्हे. आरए (राइट असेन्शन) अक्ष, म्हणजे ताऱ्यांच्या रोजच्या फिरण्यामागे नळी वळवणारा अक्ष, पृथ्वीच्या अक्षाला समांतर बसवला की एकच नॉब फिरवून तारा आयपीसमध्ये धरून ठेवता येतो, आणि त्यासाठीच हा सगळा खटाटोप. जर्मन भिंगकार फ्राउनहोफरने १८२४ मध्ये डोरपाटच्या (आजचं एस्टोनियातलं तार्तू) दुर्बिणीसाठी केलेली मांडणी मूळ तत्त्वात आजही तीच आहे. ईक्यू५ ही तिची मध्यम वजनाची आवृत्ती, व्हिक्सेन कंपनीच्या ग्रेट पोलारिस माउंटच्या घडणीवर बेतलेली. हे परीक्षण हाताने फिरवायच्या, गो-टू (संगणकाने आपोआप तारा शोधण्याची सोय) नसलेल्या मॉडेलचं आहे. शिकणाऱ्याने तेच घ्यावं, कारण संगणक चूक झाकतो आणि नॉब ती लगेच दाखवतो.

दोन्ही अक्षांवर, म्हणजे आरए आणि त्याला काटकोनातल्या डेक (डेक्लिनेशन) अक्षावर, १४४ दातांचं वर्म व्हील (स्क्रूसारख्या वर्मने फिरणारं दातेरी चाक) आहे. म्हणजे आरए नॉबचा एक फेरा अडीच अंशांचा, आकाशाच्या हिशेबाने जवळजवळ दहा मिनिटांचा. १५० पट वर्धन आणि ५० अंशांचा आयपीस असेल तर साधारण २० कलांचं (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्षेत्र दिसतं. खगोलीय विषुववृत्ताजवळचा ग्रह ते ८० सेकंदांत ओलांडतो. तेवढ्या वेळात नॉबच्या फेऱ्याचा साधारण आठवा हिस्सा फिरवावा लागतो. तासाभरात हाताला हे अंगवळणी पडतं.

तिपाई मात्र बघून घ्या. स्टीलच्या नळ्यांची तिपाई ठणठणीत असते. ॲल्युमिनियमची हलकी तिपाई फोकस करताना थरथरते आणि माउंटच्या डोक्याचा चांगुलपणा वाया घालवते. पाय पूर्ण लांब करू नका, मधला ट्रे घट्ट बसवा. लेव्हल करणं हे शास्त्रापुरतं आवश्यक नाही. तिपाई थोडी कललेली असली तरी अक्ष ध्रुवाकडे वळवता येतो. फक्त उंचीचा बोल्ट फिरवला की दिशाही सरकते आणि जुळवणी लांबते.

चढवण्याचा क्रम मोडू नये: आधी डोकं, मग काउंटरवेटची (तोलाच्या वजनांची) दांडी, मग वजनं आणि दांडीच्या टोकाचा सुरक्षा स्क्रू, सगळ्यात शेवटी नळी. उतरवताना नळी आधी. हा क्रम उलटला आणि अक्ष घट्ट धरणारा क्लच सैल असला तर नळी गरकन फिरून तिपाईवर आपटते.

तोल साधताना आयपीस, फाइंडर (शोधायची छोटी दुर्बीण), कॅमेरा, जे काही लागणार ते सगळं लावलेलं हवं आणि पुढचं झाकण काढलेलं हवं. दांडी आडवी करून आरए क्लच सैल करा, नळी हाताने धरून ठेवा आणि वजन सरकवा. मग आरए आवळून डेक सैल करा आणि नळी डव्हटेलवर (नळी धरणाऱ्या पट्टीवर) पुढे-मागे करा. मोटर लावली असेल तर पूर्वेची बाजू किंचित जड ठेवावी, म्हणजे गिअरचे दात एकाच बाजूला टेकलेले राहतात. क्लच आवळून तोल बघितल्यासारखं वाटतं, पण तो तोल नव्हे.

ध्रुव जुळवणीसाठी, म्हणजे आरए अक्ष ध्रुवाकडे नेमका वळवण्यासाठी, अक्षाच्या आतून बघायची छोटी दुर्बीण म्हणजे पोलर स्कोप बहुतेक वेळा वेगळा घ्यावा लागतो, आणि कंपनीच्या पुस्तिकेतली त्याची माहिती त्रोटक आहे. डेक अक्षाच्या दांड्यातल्या भोकातून पुढचं आकाश दिसण्यासाठी डेक अक्ष पाव फेरा फिरवावा लागतो. हे न कळल्याने अनेकांना पोलर स्कोपमध्ये नुसता काळोख दिसतो. त्याआधी रेटिकल (स्कोपमधली खुणांची काच) केंद्रात आहे का, ते तपासा. दिवसा लांबच्या टॉवरच्या टोकावर क्रॉस लावा, आरए १८० अंश फिरवा. टोक सरकलं असेल तर सरकलेल्या अंतराचं अर्धं अंतर रेटिकलच्या बारीक ॲलन स्क्रूंनी आणि उरलेलं माउंटच्या बोल्टांनी काढा. एक स्क्रू सैल केल्याशिवाय समोरचा आवळू नका.

ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश लांब आहे, म्हणून तो मध्यावर नव्हे, रेटिकलच्या वर्तुळावर योग्य तासाच्या जागी बसवायचा. दक्षिण गोलार्धात ध्रुवाजवळचा तारा सिग्मा ऑक्टँटिस जेमतेम पाचव्या प्रतीचा, शहरी उजेडात डोळ्यांना दिसतच नाही. कंपासवर फार भिस्त ठेवू नये. चुंबकीय उत्तर वेगळी असते, आणि स्टीलची तिपाई सुई आणखी भरकटवते.

किती अचूक जुळवायचं? नुसतं बघायचं असेल तर एका अंशाची चूकही चालते. तेवढ्या चुकीने तारा तासाला जास्तीत जास्त १६ कला घसरतो, म्हणजे पूर्ण चंद्राच्या व्यासाच्या निम्मा. फोटोसाठी मात्र ड्रिफ्ट पद्धत, म्हणजे तारा कुठे सरकतो ते बघून अक्ष सुधारणं, शिकावीच लागते. उत्तर गोलार्धात खगोलीय विषुववृत्त आणि मध्यमंडळ (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) यांच्याजवळचा तारा उत्तरेकडे सरकला तर अक्ष जास्त पश्चिमेला आहे, दक्षिणेकडे सरकला तर जास्त पूर्वेला. मग पूर्वेकडचा तारा घ्या: तो दक्षिणेकडे गेला तर अक्ष फार खाली, उत्तरेकडे गेला तर फार वर.

उंचीचे दोन बोल्ट हा या माउंटचा कच्चा भाग. एक सैल न करता दुसरा पिळला तर बोल्ट वाकतो किंवा आटे जातात. कमी अक्षांशावर, म्हणजे अक्ष जवळजवळ आडवा असताना, डोक्याचं सगळं वजन एकाच बोल्टवर येतं. तिथे हाताने डोकं उचलून आधार द्या, आणि शेवटची हालचाल खालून वर करा, म्हणजे बोल्ट सैल राहत नाही. कमी अक्षांशाची आणखी एक कटकट: काउंटरवेटची दांडी उभी होऊ लागते आणि वजनं उत्तरेकडच्या पायाला घासतात. वजनं वर सरकवून, गरज पडल्यास आणखी एक जोडून हे टळतं.

चालवताना दोन तक्रारी वारंवार येतात. पहिली, डेकमधला बॅकलॅश: नॉब थोडा रिकामा फिरतो, मग नळी हलते. वर्मच्या घराचे स्क्रू सैल करून तो जवळ आणता येतो, पण पूर्ण ३६० अंश फिरवून बघा. एका जागी सैल आणि दुसऱ्या जागी जाम होत असेल तर जाम होणारी जागा धरूनच सेट करावं. दुसरी, थंडीत जाड ग्रीसमुळे अक्ष जड होणं. मोटर लावल्यावर तारा दुप्पट वेगाने पळत असेल तर यंत्र बिघडलेलं नसतं. उत्तर-दक्षिण स्विच चुकीच्या बाजूला असतो.

न्यूटोनियन (आरशाच्या) नळीत आयपीस कधी पाठीमागे, कधी जमिनीकडे जातो. रिंगा सैल करून नळी फिरवावी लागते, आणि त्यात तोलही थोडा बिघडतो. तारा मध्यमंडळ ओलांडू लागला की नळी पायाला लागण्याआधी माउंट उलटवून, म्हणजे नळी दुसऱ्या बाजूला नेऊन, घ्यावा.

कंपनी भारक्षमता साधारण नऊ-दहा किलो सांगते. बघण्यापुरती ती पटते. १५० मिमीचा न्यूटोनियन आरामात राहतो. फोटोसाठी निम्मंच धरा. लांब फोकल लेंथवर काही मिनिटांचे फोटो काढायचे असतील तर १३५ दातांचा, मोटर आणि पोलर स्कोपसह येणारा एचईक्यू५ सरळ घ्यावा. लहान अपवर्तक (भिंगाची) दुर्बीण असेल तर १३० दातांचा ईक्यू३-२ पुरतो आणि उचलायलाही सोपा जातो.

वापरलेला ईक्यू५ घेताना दोन्ही क्लच आवळून नळीचं टोक हलवून बघा, थोडी ढिलाई चालते. मग उंचीचे बोल्ट काढून त्यांची टोकं सपाट जागेवर लोळवा. वाकलेला बोल्ट ठेचकाळत लोळतो; तसा असेल तर आटेही तपासल्याशिवाय व्यवहार करू नका.